‘एकदाच घातलंय, ओरिजिनल आहे’

न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर १९९४ साली स्केटबोर्डवाल्या पोरांसाठी ‘सुप्रीम’ नावाचं दुकान निघालं. माल मुद्दाम थोडाच काढायचा आणि संपला की संपला, ही त्याची रीत. त्यामुळे छातीवर लाल चौकट आणि तीत पांढऱ्या तिरक्या अक्षरांत नाव, एवढंच असलेली हुडी दुकानाबाहेर पडली की मूळ किमतीच्या कितीतरी वर विकली जाऊ लागली. नायकीचे जॉर्डन बूट, ऑफ-व्हाइटचे टी-शर्ट, स्टोन आयलंडची जाकिटं यांचंही थोड्याफार फरकाने तेच. माल कमी आणि हौस जास्त असली की नक्कल येणारच. अशी वापरलेली वस्तू घेऊ पाहणाऱ्याला सल्ला मिळतो तो बहुधा ठरलेला: शिलाई बघा, टॅग बघा, अक्षरांमधलं अंतर बघा. हा सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. या खुणांवरून वस्तू खोटी असल्याचं कळू शकतं. खरी असल्याचं कळत नाही. हा फरक लक्षात न आल्यामुळेच भिंग घेऊन बसणारे चोखंदळ लोकही फसतात.

तरी अर्ध्या सल्ल्याचा उपयोग आधी करून घ्यावा, कारण ढोबळ नकला त्यातच गळतात. सुप्रीमच्या हुडीवरची लाल चौकट भरतकामाची असते आणि कापडावर शिवलेली असते. स्वस्त नकलेत ती नुसती चिकटवलेली सापडते, अक्षरं जाड होऊन एकमेकांना भिडतात. नायकीच्या बुटाच्या आत जे लेबल असतं त्यावर साइज आणि मॉडेलचा कोड असतो. तो कोड खोक्यावरच्या कोडशी जुळायला हवा, आणि इंटरनेटवर शोधल्यावर त्याच रंगाचा, त्याच आकाराचा बूट समोर यायला हवा. निळ्या बुटाच्या कोडवर लाल बूट दिसला तर विषय संपला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ कपड्यांच्या लेबलवर ‘आरएन’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो कोणत्या कंपनीचा, हे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. मात्र सुटलेला एखादा धागा किंवा वाकडा टाका दिसला म्हणून लगेच ‘ड्युप्लिकेट’ म्हणू नये. अस्सल कारखान्यातूनही गबाळी शिलाई बाहेर पडते, आणि काही नकला खऱ्यापेक्षा नीटनेटक्या असतात.

आता उरलेला अर्धा भाग. कोड जुळला, नोंदणी क्रमांक बरोबर निघाला, तर काय सिद्ध झालं? नक्कल करणाऱ्याने अस्सल वस्तू समोर ठेवून काम केलं, एवढंच. स्टोन आयलंडच्या जाकिटाच्या डाव्या बाहीवरचा बिल्ला दोन बटणांवर लावलेला असतो. तो काढता येतो, म्हणूनच सुटा विकलाही जातो. अस्सल बिल्ला नकली बाहीवर बसवायला दोन मिनिटं लागत नाहीत. या कंपनीने २०१४पासून जाकिटात तपासणीचा कोड द्यायला सुरुवात केली, पण एका अस्सल जाकिटावरचा कोड शंभर नकलांवर छापायला हरकत कोणाची? खोकी, पिशव्या, बिलंसुद्धा बनवून मिळतात. सोनं कसाला लावता येतं, कारण किंमत त्या धातूचीच असते. इथे कापूस आणि दोरा दोन्हीकडे सारखा असू शकतो; जादा पैसे जातात ते वस्तू कोणी बनवली यासाठी, आणि ते कापडाच्या पोतावर लिहिलेलं नसतं.

यावर कोणी म्हणेल, मग जाणकारांकडून तपासून घ्यावं. घ्यावं, जरूर, पण त्या शिक्क्याला ब्रह्मवाक्य समजू नये. स्टॉकएक्स ही अमेरिकेतली कंपनी याच भरवशावर मोठी झाली: प्रत्येक जोडी आधी आमच्या तपासनिसांकडे येईल, मगच गिऱ्हाइकाकडे जाईल. २०२२ साली नायकीने न्यायालयात सांगितलं, की याच कंपनीकडून घेतलेल्या आणि तपासून पास झालेल्या चार जोड्या नकली निघाल्या. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ३७ नकली जोड्यांच्या विक्रीबद्दल स्टॉकएक्सला जबाबदार धरलं. तपासणीने धोका कमी होतो, हे या खटल्यानंतरही खरंच आहे. पण रोज हेच काम करणाऱ्यांच्या हातून जे निसटतं, ते मोबाइलवरच्या चार फोटोंवरून आपल्याला ओळखता येईल, हा आत्मविश्वास जरा जास्तच झाला.

म्हणून वस्तूइतकीच, किंबहुना तिच्याआधी, विकणाऱ्याची पारख करावी. मुंबईतल्या हाजी अलीजवळच्या हीरा पन्नाचं नाव अमेरिकी सरकारने बनावट मालाच्या बदनाम बाजारांच्या यादीत घातलेलं आहे. पण जिथे ‘फर्स्ट कॉपी’ म्हणूनच माल विकला जातो, तिथे घेणारा निदान फसत नाही. फसवणूक पुढच्या विक्रीत घडते, तीच कॉपी ‘एकदाच घातलंय, ओरिजिनल आहे’ म्हणून इन्स्टाग्रामवर येते तेव्हा. तिथे पहिला प्रश्न किमतीचा. अशा वस्तूंचे चालू भाव कोणालाही सहज पाहता येतात. मग हा गृहस्थ निम्म्या भावात का देतोय? घाईला आलेले, कपाट रिकामं करणारे खरे विक्रेतेही असतात, हे मान्य. पण त्यांच्याकडे एकच नग असतो, तोही त्यांच्या मापाचा, थोडा मळलेला. वापरलेली वस्तू स्मॉलपासून डबल एक्सेलपर्यंत हवी त्या मापात मिळत असेल, तर ती वापरलेली नाही. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून टॅगचा फोटो मागावा; खऱ्याला त्यात फार तर कंटाळा येईल, खोट्याचा आवाज चढेल. आणि अनोळखी माणसाला यूपीआयने आगाऊ पैसे पाठवू नयेत, कारण ते स्वतःहून परत येत नाहीत. तपासणीत नकली निघालं तर पैसे परत, ही अट लेखी मान्य करणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी चालेल.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत चलाख आहे: कोणालाच फरक कळत नसेल, तर नकलेने बिघडलं काय? नकलेच्या भावात, नक्कल म्हणून घेतली तर घेणाऱ्याच्या खिशाचं फारसं बिघडत नाही. पण अस्सलच्या भावात घेतलेली हुडी उद्या आपणही विकायला काढणार, आणि तेव्हा प्रश्न कायद्याचा होतो. आपल्याकडच्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. योग्य ती खबरदारी घेतली होती, संशयाला जागा नव्हती, आणि माल कोणाकडून आला हे विचारल्यावर सांगितलं, असं दाखवता आलं तर त्यातून सुटकेची सोय आहे. पण ते दाखवायचं विकणाऱ्यानेच. हुडी घेताना झालेलं चॅट, पैसे पाठवल्याची नोंद आणि समोरच्याचं खरं नाव तेवढ्यासाठी तरी जपून ठेवावं.