नोएडा : परकीय भांडवल आणि रोजगाराचा हिशेब

नोएडा हे मुळात गावाचे नाव नव्हे. उत्तर प्रदेश शासनाने १७ एप्रिल १९७६ रोजी दिल्लीलगत जे औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन केले, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ते तयार झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास केंद्र सरकारने येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभारले. कांडला (१९६५) व आपल्या अंधेरीतील सीप्झ (१९७३) ही त्याची थोरली भावंडे. त्यांना समुद्र जवळचा. नोएडाला जवळची होती ती राजधानीची बाजारपेठ. येथे आलेल्या बहुतेक परदेशी कंपन्यांनी देशी ग्राहकाकडेच अधिक लक्ष दिले, यात नवल नाही.

१९९१ च्या औद्योगिक धोरणानुसार अग्रक्रमाच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय भांडवलास सहज मान्यता मिळू लागली. त्यानंतर काही वर्षांतच दक्षिण कोरियातील दोन उद्योगसमूह या परिसरात आले. पैकी देवूने शेजारच्या सूरजपूर येथील डीसीएम टोयोटाचा वाहन कारखाना हाती घेतला आणि १९९५ मध्ये ‘सिएलो’, पुढे ‘मॅटिझ’ या मोटारी बाजारात आणल्या. परंतु १९९९ मध्ये मूळ समूहच कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. त्याचे पडसाद सूरजपुरात उमटले. काही वर्षांत कारखान्याचे काम थांबले. कामगार बेकार झाले आणि भारतीय वित्तसंस्थांची कर्जे थकली. ‘मॅटिझ’ ही गाडी वाईट नव्हती, हे विशेष! संकट सोलहून आले होते.

सॅमसंगची वाटचाल निराळी झाली. दूरचित्रवाणी संचांपासून प्रारंभ करून २००७ मध्ये कंपनीने नोएडात भ्रमणध्वनींचे उत्पादन सुरू केले. ९ जुलै २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी व कोरियाचे अध्यक्ष मून जे-इन यांनी विस्तारित कारखान्याचे उद्घाटन केले. विस्ताराचा खर्च ४,९१५ कोटी रुपये. वार्षिक क्षमता ६.८ कोटींवरून १२ कोटी संचांवर नेण्याचे उद्दिष्ट. या विस्तारामागे सरकारची करनीतीही होती. आयात भ्रमणध्वनींवर जुलै २०१७ मध्ये १० टक्के सीमाशुल्क लागू झाले. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते २० टक्क्यांवर गेले. जुलै २०२४ मध्ये ते १५ टक्क्यांवर आणण्यात आले. अशा संरक्षणाची किंमत काही अंशी ग्राहकही मोजतो, ही बाब उद्घाटनाच्या भाषणांत सहसा येत नाही.

जमीन व सवलती देऊन कारखाना आणता येतो. तो टिकण्यासाठी सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग भोवती उभे राहावे लागतात. त्यांना खेळते भांडवल पुरविणे हे बँकांचे काम, आणि मोठ्या कारखान्याची मागणी आटल्यास पहिला फटका बसतो तोही त्यांनाच.

एप्रिल २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेत सरकारने पद्धत बदलली. वाढीव विक्री झाल्यावर तिच्या ४ ते ६ टक्के रक्कम कंपनीस द्यावयाची, असे ठरले. ही रक्कम विक्रीवरून काढली जाते. किती हातांना काम मिळाले, यावरून नव्हे.