ठासणीच्या बंदुकीसाठी दारूचे योग्य माप

कोयनानगरच्या परिसरात भाताच्या लोंब्या भरू लागल्या म्हणजे शेतकऱ्यांची रात्रीची राखण सुरू होते. पाटण तालुक्यातील डोंगरउतारावर भात, नाचणी व वरी ही पिके घेतली जातात. रानडुकरांचा एखादा कळप उभ्या पिकात शिरला, तर तो खातो त्यापेक्षा तुडवितो अधिक. १९८५ साली कोयना अभयारण्य घोषित झाले आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. रान आणि शेत यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी एका बांधाचेच अंतर असल्यामुळे पिकाचे रक्षण हा येथील शेतकऱ्याच्या नित्य काळजीचा विषय आहे.

या कामासाठी डोंगराळ भागात ठासणीची बंदूक परंपरेने वापरली जाते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. परवाना मिळतो, बंदूकही हाती येते. परंतु तिच्यात दारू किती भरावी, हे मात्र बहुधा ऐकीव माहितीवर ठरते. कोणी ओंजळीच्या खोलगटावर माप धरतो, कोणी अंदाजाने ओततो, आणि जनावर दूर दिसले की चिमूटभर अधिक घालतो. काडतुसाच्या बंदुकीत हे माप कारखान्यात ठरलेले असते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला ते भरणाऱ्याच्या हातीच असते. म्हणून या बंदुकीतील चूक ही बहुधा मापाची चूक असते, आणि तिची किंमत बोटे, डोळा किंवा शेजारच्या राखणदाराचा जीव या रूपाने द्यावी लागते.

अधिक दारू म्हणजे अधिक मार नव्हे

दारू दुप्पट केली की गोळी दुप्पट जोराने जाते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. इंग्लंडातील गणिती बेंजामिन रॉबिन्स याने लाकडी ठोकळा बसविलेला जड लंबक टांगून त्यावर गोळ्या झाडल्या, व लंबक किती मागे झुलतो यावरून गोळीचा वेग काढण्याची रीत १७४२ साली प्रसिद्ध केली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला. त्याच्या पद्धतीने चार्ल्स हटन याने १७७५ साली वुलविच येथे तोफांवर प्रयोग केले. त्यांतून असे दिसून आले की, वेग हा दारूच्या वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, गोळीचा वेग दुप्पट करावयाचा असल्यास दारू चौपट लागते. दारू दुप्पट केल्यास वेग जेमतेम दीडपटीच्या आसपास जातो.

हा नियमही एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो. नळीची लांबी ठरावीक असते. त्या लांबीत जेवढी दारू जळू शकते त्याहून अधिक भरली, तर उरलेली तोंडाबाहेर जळते. आवाज व ज्वाळा वाढतात, मार वाढत नाही. शिवाय वेगाने निघालेल्या गोल गोळीला हवेचा विरोधही तितकाच जास्त होतो, आणि वाढविलेल्या वेगाचा मोठा भाग थोड्याच अंतरात नाहीसा होतो. याउलट नळीच्या तळाशी पडणारा दाब व खांद्याला बसणारा धक्का मात्र वाढतच जातो. थोडक्यात, लाभ थांबला तरी धोका थांबत नाही.

कमी दारूचाही दोष आहे. गोळी मंद निघते, लवकर खाली येते, आणि जनावर ठार न होता घायाळ होते. घायाळ डुक्कर रात्रीच्या वेळी झाडीत शिरले म्हणजे ते माणसालाच घातक ठरते. यास्तव योग्य माप हे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असते, आणि ते प्रत्येक बंदुकीचे निराळे असते.

ठरलेल्या मापाचे महत्त्व लष्करानेही ओळखले होते. १८५३ ची एनफिल्ड ही ठासणीचीच, पण आटे असलेल्या नळीची रायफल होती. तिच्या कागदी काडतुसात सुमारे ४.४ ग्रॅम दारू व सुमारे ३४ ग्रॅम वजनाची गोळी असे. १८५७ च्या इतिहासात हे काडतूस त्याला लावलेल्या चरबीमुळे गाजले. परंतु त्याचा एक मोठा उपयोग असा की, घाईतही प्रत्येक शिपायाच्या नळीत तेवढीच दारू जाई. हे आकडे त्या रायफलीचे आहेत. गावातील जुन्या बंदुकीसाठी ते प्रमाण म्हणून मुळीच घेऊ नयेत.

माप काढण्यापूर्वी

प्रथम बंदूक परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी. नळीला आतून गंज, खड्डे किंवा फुगवटा असल्यास, अथवा तळाचा आटा सैल असल्यास, ती बंदूक कोणत्याही मापाने चालवू नये. दारूची कमाल मर्यादा बंदूक बनविणाऱ्याच्या पत्रकावरून घ्यावी. पत्रक नसल्यास ती कारागिराकडून ठरवून घ्यावी. पुढील सर्व चाचणी या मर्यादेच्या आतच व्हावयास हवी.

दारू कारखान्यात तयार झालेली व परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेली काळी दारूच असावी. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कदापि घालू नये. तिचा दाब काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि काळ्या दारूच्या मापाने ती भरल्यास नळी फुटते. काळ्या दारूतही बारीक दाणा लवकर जळतो व मोठा दाणा सावकाश जळतो. म्हणून दाणा बदलला की जुने माप रद्द समजून पुन्हा चाचणी घ्यावी.

माप पितळी असावे. एक मापभर दारू ग्रॅमचे भाग दाखविणाऱ्या लहान काट्यावर, चूल, दिवा व विडी यांपासून दूर बसून तोलावी आणि तो आकडा वहीत लिहावा. भरताना माप नेहमी एकाच रीतीने, न ठोकता, काठोकाठ सपाट करावे. एकदा ठोकून व एकदा न ठोकता भरलेले माप सारखे नसते.

चाचणीची रीत

चाचणीपूर्वी परवान्याच्या अटी पाहाव्यात व पोलीस ठाण्याची अनुमती घ्यावी. चाचणी दिवसाउजेडी, मान्य चांदमारीच्या जागी, निशाणामागे मातीचा उंच भराव असेल अशा ठिकाणीच करावी. कोयनेच्या खोऱ्यात उतारावर वाड्या विखुरलेल्या आहेत. चुकलेली गोळी शेकडो मीटर जाऊ शकते, याचे भान असावे.

आरंभ लहान मापाने करावा. बंदूक टेकू देऊन स्थिर करावी आणि एकाच मापाचे पाच बार एकाच निशाणावर काढावेत. नंतर दारू सुमारे एक तृतीयांश ग्रॅमने वाढवून, नव्या कागदावर पुन्हा पाच बार काढावेत. गोळी, चिंधी, दाणा व ठासण्याचा जोर यांपैकी काहीही बदलू नये. एका वेळी केवळ दारू बदलावी. प्रत्येक कागदावरील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजावे.

समजा, पहिल्या मापाला छिद्रे वीतभर अंतरात विखुरली, दुसऱ्याला ती चार बोटांत आली, आणि तिसऱ्याला पुन्हा वीतभर पसरली. अशा वेळी दुसरे माप हेच त्या बंदुकीचे माप होय. तिसऱ्या मापाचा आवाज मोठा होता, हे त्याला निवडण्याचे कारण होऊ शकत नाही.

छर्रे वापरणाऱ्यांनी पाच छिद्रांऐवजी छर्ऱ्यांचा पसारा पाहावा. २५ मीटरांवर मोठा कागद लावून, त्यावर ७५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून, त्यात किती छर्रे पडले ते मोजावे. जुन्या शिकाऱ्यांची प्रथा दारू व छर्रे एकाच मापाने, म्हणजे सारख्या आकारमानाने, घेण्याची होती. वजनाने पाहता ही दारू छर्ऱ्यांपेक्षा पुष्कळच कमी असते. त्याहून दारू वाढविल्यास छर्रे फाकतात आणि वर्तुळाच्या मध्यभागी रिकामी जागा पडू लागते. मध्यभागी रिकामी जागा दिसणे ही बहुधा दारू अधिक झाल्याची खूण समजावी.

भरताना घ्यावयाची दक्षता

रिकाम्या नळीत ठासणीचा गज तळापर्यंत सोडून तोंडाशी एक खूण करावी. माप निश्चित झाल्यावर, दारू व गोळी नीट बसविलेल्या स्थितीत दुसरी खूण करावी. या दोन खुणांवरून नळी रिकामी आहे की भरलेली, हे अंधारातही कळते आणि भरलेल्या बंदुकीत पुन्हा दारू घालण्याची भयंकर चूक टळते. गोळी व दारू यांमध्ये पोकळी राहिल्यासही नळी फुगते किंवा फुटते. गज दुसऱ्या खुणेपर्यंत उतरला नाही, तर गोळी वर अडकली आहे असे समजून बार काढू नये.

दारूच्या डब्यातून थेट नळीत दारू ओतू नये. मागील बाराची ठिणगी आत असल्यास संपूर्ण डबा हातात पेटतो. प्रथम डब्यातून मापात घ्यावी, डबा बंद करून दूर ठेवावा, मगच मापातून नळीत ओतावी. ठासताना तोंड व छाती नळीच्या समोर आणू नये. टोपी सर्वांत शेवटी बसवावी. टोपी फुटूनही बार झाला नाही, तर बंदूक किमान एक मिनिट निशाणाकडेच रोखून धरावी.

नोबल व एबेल यांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. हाच नळीतील काळा मळ होय. कोयनानगर येथे वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत हा मळ पाणी शोषतो, नळी गंजते, आणि पुढची गोळी तळापर्यंत जात नाही. म्हणून चाचणीत प्रत्येक बारानंतर ओलसर व मग कोरडी चिंधी फिरवावी. काम संपल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावून ठेवावी. सादळलेली दारू कमी जोर देते; तिची भरपाई म्हणून माप वाढवू नये. ती दारू वापरातून काढून टाकावी आणि तिची विल्हेवाट विक्रेत्याच्या सल्ल्याने लावावी.

कायदा आणि विवेक

बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुकरासंबंधी वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी अनुमती लागते. गवा हा पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने पिकाच्या नुकसानीसाठी त्यास मारता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन प्रवेश करण्यासही मनाई आहे. पिकाचे नुकसान झाल्यास विलंब न लावता वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील परवानाधारकांस एकत्र बोलावून, प्रत्येकाच्या बंदुकीची तपासणी झाली आहे काय व तिचे माप वहीत नोंदलेले आहे काय, हे पाहावे. कुंपण, मचाण व पाळीपाळीने सामुदायिक राखण हे उपाय आधी योजावेत. बंदूक ही त्यांच्या मागून येणारी गोष्ट आहे. जेथे ती वापरावी लागेल तेथे शेजारच्या मचाणावर कोण बसले आहे हे ठाऊक असावे, समोरचे जनावर स्पष्ट दिसावे, आणि नळीत चाचणीने ठरलेलेच माप असावे. जनावर दूर असल्यास दारू वाढवू नये. ते जवळ येईपर्यंत थांबावे, अथवा त्यास जाऊ द्यावे. गेलेले पीक पुढल्या हंगामात पुन्हा घेता येते; हात गेला तर तो परत येत नाही.