‘रक्षक’: एका मिश्र संगीतरचनेचा विचार

‘हे गाणे की गोंगाट?’ असे वडीलधाऱ्यांनी विचारावे आणि मुलांनी कानांतील यंत्र काढून मुकाट्याने बसावे, हा प्रसंग आता आपल्या सीमाभागातील घरांनाही अपरिचित राहिलेला नाही. उभय पक्षांना एकत्र ऐकता यावा असा एक गीतसंच येथे विचारार्थ घेत आहे. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ या वाद्यवृंदाने १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘रक्षक’ हा दहा गीतांचा संच स्वतःच प्रकाशित केला.

त्याचा पाया ‘हेवी मेटल’ या, १९७० च्या सुमारास इंग्लंडात आकारास आलेल्या संगीतप्रकाराचा. त्यात विद्युत्‌गिटारचा ध्वनी मुद्दाम इतका वाढवितात, की त्याच्या लहरींचे शेंडे छाटले जातात. मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात आणि नाद खरखरीत, भरदार होतो. गायकाची गुरगुरही साधनेनेच येते. नुसते ओरडणारा लवकरच घसा गमावून बसेल. या पायावर पंजाबी ढोल, करण कटियार यांची बासरी, जयंत भदुला यांचे हिंदी गायन आणि राऊल केर यांचे इंग्रजी ‘रॅप’, म्हणजे तालावर झपाट्याने म्हटलेले पद्य, यांची जुळणी केली आहे.

या मिसळीला नाक मुरडण्यापूर्वी आपले नाट्यसंगीत आठवावे. १८८० च्या ‘शाकुंतला’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी चालीही स्वीकारल्या, १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीचा ढंग आणला, १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ नाटकात मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदाला पुन्हा नवे वळण दिले. (माझी घरची भाषा कोंकणी, अभिषेकींचे नाव येथे आले नसते तरच नवल!)

अर्थात मिसळ केली एवढ्यानेच रचना चांगली ठरत नाही. मला एक साधी कसोटी उपयोगी वाटते: एकेक वाद्य मनातल्या मनात काढून पाहावे. ढोलाच्या एका तोंडावर जाड, वाकड्या काठीने खर्ज घुमतो. दुसऱ्यावर बारीक छडीने टणत्कार उठतो. ‘रक्षक’मधील हा खर्ज गिटारच्या पावलाशी पाऊल जुळवून चालतो. तो काढला तर गाणे लंगडेल. बासरीचे मात्र सर्वत्र तसे नाही. कोठे कोठे ती दारावरच्या तोरणासारखी आरंभी दिसते आणि कल्लोळ सुरू होताच मागे राहते. हळुवार आरंभ, मग रॅप, मग स्फोट, हा क्रमही वारंवार येतो, आणि इंग्रजी कडवी अधूनमधून व्याख्यानाच्या अंगाने जातात.

तरीही येथला संताप पोकळ नाही. ‘दाना दान’ स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध आहे, ‘जी वीरे’ मनाच्या खिन्नतेशी झुंजणाऱ्यास धीर देते, तर ‘एंड्युरंट’चा विषय दांडगाईने होणारा छळ हा आहे. वर्गात टोमणे आणि धक्के सोसणारे मूल घरी क्वचितच काही सांगते. तेच गीत ते पुन्हा पुन्हा लावीत असेल, तर आवाज कमी करावयास सांगण्याआधी ते का लावले, हे विचारलेले बरे.

वडीलधाऱ्यांनी प्रथम ‘याद’ ऐकावे. प्रिय जिवाच्या वियोगाचे ते गीत आहे, आणि त्यातील गुरगुर ऐकताना दुःखाला गोड गळाच हवा, हा आपला समज थोडा डळमळतो. ‘गद्दार’ दुसऱ्या दिवशी.