होईल, पण परवडेल काय?

घरांत एखादी मोठी वस्तु आणावयाची निघाली म्हणजे ती मिळेल कोठें, याचीच तरुण मंडळींस उत्सुकता असते. ती घरास पेलेल काय, ही चिंता वडील माणसांच्या वांट्यास येते. एकत्र कुटुंबांत हे दोन्ही प्रश्न विचारले जातात, म्हणूनच घर चालतें. नव्या नव्या वाहनांविषयीं बोलतांना मात्र आपण पहिल्याच प्रश्नाच्या कौतुकांत रमतों. या दोन प्रश्नांतील अंतर रोहा तालुक्याइतकें स्पष्ट क्वचितच कोठें दिसेल.

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहें व दुसऱ्या तीरावर अष्टमी. १९८६ सालीं आपट्याहून निघालेले रूळ रोह्यास पोंचले आणि तेथेंच थांबले. पुढें डोंगर, खाड्या आणि चार महिन्यांचा धुवांधार पाऊस! १९९० सालीं कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखालीं काम सुरू झालें. २६ जानेवारी १९९८ रोजीं मंगळूरपर्यंतचा सुमारें ७४० किलोमीटरांचा मार्ग पूर्णपणें खुला झाला. ९० हून अधिक बोगदे, त्यांत करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरांचा, आणि सुमारें २००० पूल! ‘होईल काय’ या प्रश्नास असें उत्तर मिळालें.

‘परवडेल काय’ हा प्रश्न मात्र उरलाच. सुमारें ३,५०० कोटी रुपयांच्या या कामासाठीं करमुक्त रोखे विकून मोठें कर्ज उभारलें होतें. त्याच्या व्याजाचा भार वर्षानुवर्षें राहिला. भाडें आकारतांना अंतर ४० टक्क्यांनीं वाढवून धरण्यांत आलें. म्हणजे गणपतीस गांवीं जाणाऱ्या चाकरमान्यानें १०० किलोमीटरांच्या प्रवासास १४० किलोमीटरांचे पैसे मोजले. तरी पण घाटवळणांचा रात्रभराचा त्रास चुकला आणि घरच्या वृद्धांसही गांवचा देव्हारा पुन्हा दिसूं लागला, हा लाभ महामंडळाच्या वहींत कोठें लिहावयाचा? कुटुंबाच्या हिशेबांत तो जमेसच धरला पाहिजे.

याच महामंडळाचे दोन प्रयोग शेजारीं ठेवून पाहावे. पहिला स्कायबसचा. खांबांवरील मार्गाखालीं लोंबते डबे धांवावेत, ही तत्कालीन प्रमुख बी. राजाराम यांची कल्पना. मडगांवास चाचणीमार्गही उभा राहिला. २५ सप्टेंबर २००४ रोजीं चाचणींत अपघात होऊन एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. पुढें योजना बारगळली आणि तो सांगाडाही उतरविण्यांत आला. दुसरा प्रयोग अगदींच साधा. रोह्याजवळच्या कोलाडास भरलेल्या मालमोटारी सपाट वाघिणींवर चढवावयाच्या व गोव्यांत वेर्ण्यास उतरवावयाच्या. १९९९ सालीं सुरू झालेली ही सेवा टिकली. रूळ आधींच घातलेले, गिऱ्हाईक रस्त्यावर उभेंच होतें, आणि मोटारवाल्याचें इंधन, टायर व झोप हीं तिन्ही वांचलीं! २०२५ च्या गणेशोत्सवांत घरगुती मोटारींसाठींही ही सोय काढली, तेव्हां किमान १६ मोटारी न मिळाल्यास फेरी रद्द, अशी अट होती. त्या एका अटींत सारें अर्थशास्त्र आलें.

याच दृष्टीनें मुंबई-पुणें हायपरलूपकडे पाहावें. हवा विरळ केलेल्या नळींतून प्रवाशांस अर्ध्या तासाच्या आंत नेण्याची ही योजना. २०१८ सालीं तिचा करारही झाला. कंपनीनें २०२० सालीं नेव्हाडाच्या वाळवंटांत अवघ्या ५०० मीटरांच्या नळींत दोन माणसें बसवून डबा चालविला. परंतु ५०० मीटर नळी निर्वात ठेवणें निराळें आणि घाटांतून शंभराहून अधिक किलोमीटर ठेवणें निराळें. शिवाय लहान डब्यांत मावतील तितकींच माणसें जाणार. २०२३ अखेर कंपनीच बंद झाली.

यावरून नव्याचा तिटकारा करावा असें नव्हे. तशी वृत्ति असती तर रूळ आजही रोह्यासच संपले असते. परंतु पुढील खेपेस घरांतील मुलें एखाद्या अद्भुत वाहनाची वार्ता आणतील, तेव्हां त्यांचें कौतुक करून तीन प्रश्न जरूर विचारावे : रोज त्यांत किती माणसें बसणार, कर्जाचें व्याज कोण भरणार, आणि आहे त्या रुळांवर हेंच काम होत नाहीं काय?