किल्लारीला विचारा, ‘सेफ’ म्हणजे काय!

जैतापूरचं आंदोलन म्हणजे कोकणातल्या आंबेवाल्यांचं आणि मच्छीमारांचं दुखणं, आपल्या लातूर-नांदेडला त्याचं काय? असं वाटत असेल तर जरा थांबा. त्या लढाईतला सगळ्यात अवघड प्रश्न आपल्याच मातीतून गेलाय...

सोमवारी सकाळी हिंजवडीत किंवा बीकेसीत कार्ड स्वाइप करणाऱ्या गर्दीत लातूर-नांदेडची मंडळी किती असतात, हे वेगळं सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’नं बारावी, इंजिनीअरिंगला पुणं, मग जॉब, मग ईएमआय. या पिढीला दोन गोष्टी घरून मिळाल्यात. एक, लोडशेडिंगची आठवण. दुसरी, किल्लारीची. पहिली सांगते, वीज पाहिजे, कुठूनही आणा. दुसरी सांगते, पायाखालच्या जमिनीवर फार विश्वास ठेवू नका. अणुऊर्जेचा सगळा वाद म्हणजे या दोन आठवणींचं आपसातलं भांडण आहे.

आधी विजेचं बोलू

दाभोळचा एन्रॉन प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि पुढची काही वर्षं महाराष्ट्राने अंधार म्हणजे काय ते पाहिलं. मराठवाड्यातल्या खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची. मोटार चालवायला शेतकरी रात्री दोनला उठून शेतात जायचा आणि पोरं कंदिलाखाली सीईटीची तयारी करायची. त्या काळात कुणी ‘दहा हजार मेगावॉट’ असं नुसतं म्हटलं तरी कान टवकारले जायचे.

लातूरहून तासा-दीड तासावर परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. २०१३ च्या दुष्काळात ते बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, पाणी नव्हतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूर शहरालाच मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. वीज बनवायला पाणी लागतं, भरपूर लागतं, आणि ते आपल्याकडे नाही. म्हणून मोठा अणुप्रकल्प समुद्रकिनारी जातो. म्हणून तो रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर गेला.

‘आपला काय संबंध’ म्हणायची तर सोयच नाही. जैतापूरला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००५ मध्ये मिळाली, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते लातूरचे विलासराव देशमुख. फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी प्राथमिक करार झाला फेब्रुवारी २००९ मध्ये, तेव्हा मुख्यमंत्री होते नांदेडचे अशोक चव्हाण!

सड्यावरचा ‘नाही’

प्रकल्प कसला, तर प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या. एकूण ९९०० मेगावॉट. झाला तर जगातल्या सगळ्यात मोठ्या अणुवीज केंद्रांपैकी एक. त्यासाठी माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरिलवाडा या गावांची मिळून ९३८ हेक्टर जमीन ठरली. सरकारी भाषेत यातली बरीचशी जमीन पडीक. तिथल्या माणसाच्या भाषेत तीच हापूसची बाग, काजू, गुरांचं गवत आणि पावसाळी भातशेती.

शेजारच्या साखरी नाट्याची तर गुंठाभर जमीनही जात नव्हती. तरी ते गाव सगळ्यात पुढे. का? कारण तिथली चूल समुद्रावर पेटते. अणुभट्टी थंड करून बाहेर पडणारं पाणी समुद्रापेक्षा सुमारे पाच अंश गरम असणार. तेवढ्याने मासा दूर गेला तर बोटीचं कर्ज कोण फेडणार? शिवाय जिथे अणुप्रकल्प, तिथे सुरक्षेचा पहारा. मग खाडीतून ये-जा कशी करायची? दोन्ही प्रश्न अगदी साधे, पोटाचे.

२०१० मध्ये सरकारने भरपाईचे चेक तयार ठेवले आणि बहुतेकांनी ते घेतलेच नाहीत. आपल्यासारख्यांनी, ज्यांना अप्रेझलमधले दोन टक्केही सोडवत नाहीत, इथे क्षणभर थांबून विचार करावा. त्याच वर्षाच्या अखेरीला जेलभरो झालं. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण खात्याने अटी घालून मंजुरी दिली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी भारतात आले असताना करारावर सह्याही झाल्या.

मग ११ मार्च २०११. जपानमध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा. जपानसारख्या शिस्तीच्या देशात दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात तबरेज सायेकर हा तरुण मच्छीमार ठार झाला. त्याच आठवड्यात तारापूर ते जैतापूर अशी यात्रा निघाली, तीही पोलिसांनी अडवली. निघायला तारापूरच का? कारण देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तिथे सुरू झालं आणि पुढे त्याच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. विस्थापितांनी आपल्या प्रश्नांसाठी वर्षानुवर्षं काय केलं, हे माडबनला तिथूनच कळलं होतं.

झोन एकची गोष्ट

आता किल्लारी. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या थोडं आधी जमीन हलली. तीव्रता ६.२ च्या आसपास. म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा भूकंप नव्हे. पण जाड दगडी भिंती, मातीचा गिलावा आणि वर मातीचंच माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला आणलं. ती पोरं आता चाळिशीत आहेत. कदाचित तुमच्या ऑफिसातही एखादा असेल.

तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग ‘झोन एक’मध्ये होता. म्हणजे देशातला सगळ्यात कमी धोक्याचा भाग. दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट खडक, तिथे काय व्हायचंय, असा सर्वसाधारण समज. खरं तर आदल्याच वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर, किल्लारीत धक्क्यांची रांग लागली होती. लोक घाबरले, पाहणी झाली, मग जमीन शांत झाली आणि लोकही. वर्षभराने काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

२००२ मध्ये नकाशा नव्याने काढला. झोन एक हा प्रकारच रद्द झाला आणि किल्लारी गेली झोन तीनमध्ये. आधी माणसं गेली, मग नकाशा बदलला!

शास्त्रज्ञांची जुंपली

हीच गोष्ट जैतापूरच्या वादात पोहोचली. भूकंपशास्त्रज्ञ रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर यांचा एक शोधनिबंध २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. थोडक्यात मुद्दा असा. १९६७ ला कोयना आणि १९९३ ला लातूर ज्या प्रकारच्या भूगर्भातल्या दाबाने हादरलं, त्याच दाबाखाली जैतापूरही आहे. तेवढ्याच ताकदीचा भूकंप नेमका प्रकल्पाखाली व्हायची शक्यता कमी, पण ती नाकारावी असा पुरावाही नाही.

अणुवीज महामंडळाची, म्हणजे एनपीसीआयएलची, बाजूही ऐकू. त्यांचं म्हणणं, जागा झोन तीनमधली, तीस किलोमीटरच्या परिसरात जागता भ्रंश नाही, सडा समुद्रापासून पंचवीसेक मीटर उंच असल्याने त्सुनामीची भीती नाही आणि भट्टीचं डिझाइन भूकंप धरूनच केलेलं असतं. काही भारतीय भूशास्त्रज्ञांनीही बिल्हॅम-गौर यांचे मुद्दे खोडून काढले. ठीक आहे, विज्ञान असंच पुढे जातं. पण २०१२ मध्ये बिल्हॅम यांना दिल्ली विमानतळावरूनच परत पाठवण्यात आलं. आणि त्याच वर्षी ‘कॅग’ने अहवालात बोट ठेवलं ते असं, की अणुसुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळालाच पुरेशी स्वायत्तता नाही. परीक्षा घेणारा आणि देणारा एकाच घरातला असेल, तर पेपर कितीही चांगला गेला तरी शंका राहणारच ना?

नांदेडकरांना हे जास्त कळेल. २००६ च्या अखेरीपासून काही वर्षं शहरात जमिनीतून गूढ आवाज यायचे, बारीक धक्के बसायचे, लोक रात्री अंगणात येऊन बसायचे. मग यंत्रं लावली, नोंदी झाल्या. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेडपर्यंत जाणवले. त्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लिगो-इंडिया’ उभी राहतेय आणि त्यात पुढाकार आहे अणुऊर्जा विभागाचा. घाबरू नका, तिथे अणुभट्टी नाही. ती अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की ‘अणू’ शब्द दिसला की मोर्चा काढा, असं इथे कुणी म्हणत नाहीये. कुठे काय उभं राहतंय, हे समजून घेऊन मग बोलायचं.

आणि बॉम्बचं काय?

वीज वेगळी आणि बॉम्ब वेगळा, मग आंदोलनवाले दोन्ही एका दमात का घेतात? कारण दोघांचं घराणं एक आहे. ट्रॉम्बेची ‘सायरस’ भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती. १९७४ च्या पोखरण स्फोटाचं प्लुटोनियम तिथूनच आलं. सरकारने त्या स्फोटालाही ‘शांततामय’ म्हटलं होतं. मे १९९८ मध्ये पुन्हा पोखरण झालं, पेढे वाटले गेले, आणि या जल्लोषात नको म्हणणारे मूठभर उरले. २००० मध्ये अशा लोकांनी देशपातळीवर सीएनडीपी ही आघाडी बांधली. आनंद पटवर्धन यांनी ‘जंग और अमन’ हा माहितीपट काढला आणि तो काटछाट न करता दाखवता यावा म्हणून सेन्सॉरशी मुंबई हायकोर्टापर्यंत भांडले.

या गटातले एक नाव लक्षात ठेवण्यासारखं. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास, भारताचे माजी नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत राहिले, अण्वस्त्रांविरुद्ध बोलले आणि जैतापूरच्या लोकांच्या बाजूने उभे राहिले. देशद्रोही म्हणून उडवून लावावं असा हा माणूस नव्हता. त्यांच्या निवृत्तीची तारीख? ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचाच दिवस! योगायोग, दुसरं काय.

मग आपलं काय ठरलं?

इतक्या वर्षांनंतरही माडबनच्या सड्यावर एकही अणुभट्टी उभी राहिलेली नाही. याचं सगळं श्रेय आंदोलनाला देणंही खरं नाही. अरेवा डबघाईला आली, तिचा भट्ट्यांचा धंदा ईडीएफकडे गेला, आणि याच डिझाइनची फ्रान्समधली फ्लामानव्हिलची भट्टी २००७ ला सुरू करून ग्रिडला जोडायला २०२४ उजाडलं. पैशाचं गणितच बसेना.

पण विषय संपलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा नवा अणुकायदा मंजूर केला आणि अणुवीज क्षेत्राचं दार खासगी कंपन्यांना उघडलं. उद्या नवीन जागा शोधल्या जातील, नवी गावं निवडली जातील. कार्बन कमी करायचा तर अणुऊर्जा हवी, असं प्रामाणिकपणे मानणारे लोक आहेत, आणि परळीची राख ज्यांच्या अंगणात पडलीय त्यांना कोळशाचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. दुसरीकडे मराठवाड्याच्या उन्हावर सौर कृषी वाहिन्या चालू लागल्यात, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळू लागलीय. मत कुठलंही असू दे.

फक्त ‘जागा एकदम सेफ आहे’ असं कुणी म्हणालं, की तीन गोष्टी विचारायच्या. हे कोण म्हणतंय? कशाच्या जोरावर? आणि चुकलं तर भरपाई कोण देणार? माडबन आणि नाट्यातली माणसं फिरून फिरून हेच विचारत होती. किल्लारीला १९९२ मध्ये हे विचारायची संधी होती, पण तेव्हा नकाशावर सगळ्यांचाच विश्वास होता.