शेणातला अग्नी, पाण्यातला अग्नी

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत हिवाळ्याच्या दिवसांत फिरताना घरांच्या भिंतींवर आणि परसांत थापलेल्या गोवऱ्या दिसतात. जवळच पऱ्हाट्यांचे व तुराट्यांचे ढीग रचलेले असतात. कापूस वेचून झाला, तुरी झोडून झाल्या, की त्यांच्या काड्या सरपणाच्या कामी येतात. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चुली ह्याच इंधनावर पेटत आल्या आहेत. ह्या इंधनाला पैसा पडत नाही हे खरे. परंतु त्याची किंमत दुसऱ्या रीतीने मोजावी लागते. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे धुराने चुरचुरतात, छातीत खोकला घर करतो. आणि जे शेण शेतात जावयाचे, त्याची चुलीत राख होते. काळ्या जमिनीचे अन्न असे रोज जळत असते.

इंधन तर हवे आणि खतही हवे. ही दोन्ही एकाच शेणातून मिळू शकतील काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास माणसाला बराच काळ लागला.

इ. स. १७७६ मध्ये व्होल्टा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने एका सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळला. तेव्हा पाण्यातून बुडबुडे वर आले. ते त्याने बाटलीत धरले आणि त्यांना ज्योत दाखविली, तो काय! तो वायू निळसर ज्योतीने जळू लागला. ह्या वायूलाच आज आपण मिथेन म्हणतो. पाला, गवत, शेण असे पदार्थ जेथे हवा पोहोचत नाही अशा जागी कुजले, की सूक्ष्म जीव त्यांवर काम करतात आणि मिथेन निर्माण होतो. आपल्या महाराष्ट्रात ह्या वायूचा उपयोग फार लवकर झाला. मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्यात आले होते. पुढे जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे गोबरगॅस संयंत्र तयार केले आणि १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला.

हे संयंत्र दिसावयास अगदी साधे असते. जमिनीत विटांची एक टाकी बांधतात. जेवढे शेण तेवढेच पाणी घालून केलेला काला एका बाजूच्या नळीतून रोज आत सोडतात. वर लोखंडी पिंप पालथे घातलेले असते किंवा पक्का घुमट बांधलेला असतो. आत हवा नसते. तेथे सूक्ष्म जीव शेणाचे विघटन करतात आणि जमलेला वायू नळीवाटे स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत येतो. ह्या वायूत निम्म्याहून थोडा अधिक भाग मिथेनचा असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि त्यावर पाचसहा माणसांच्या कुटुंबाचा स्वयंपाक होतो. वायू काढून घेतल्यावर दुसऱ्या बाजूने जी मळी बाहेर पडते, तिच्यातील नत्र, स्फुरद आणि पालाश नाहीसे झालेले नसतात. ती शेतात घातली की उत्तम खत होते. गोवरी जाळून खत गमवावे लागे. येथे ज्योतही मिळाली आणि खतही राहिले.

तुम्ही विचाराल, हा वायू जाळल्यावरही कार्बन डायऑक्साइड निघतो. मग कोळसा जाळण्यात आणि ह्यात फरक तो कोणता? फरक हिशेबाचा आहे. ज्वारीचा कडबा शेतात वाढला, तेव्हा त्याने हवेतूनच कर्ब घेतला. तो कडबा बैलाने खाल्ला, त्याचे शेण झाले, शेणाचा वायू झाला आणि तो जळून कर्ब पुन्हा हवेत गेला. वर्षभरात उसने घेतले आणि वर्षभरात परत केले. कोळशातील कर्ब मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो उकरून जाळला, की हवेत नवी भर पडते आणि पृथ्वीचे तापमान वाढते. ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून संयंत्रातून तो गळू देणे म्हणजे हातचे इंधन घालविणे आणि हवाही बिघडविणे होय. नळी फुटलेली असेल, तर ती त्याच दिवशी दुरुस्त करावी.

शेणच असले पाहिजे असेही नाही. पुण्याच्या आरती ह्या संस्थेचे डॉ. आनंद कर्वे हे प्रसिद्ध लेखिका इरावती कर्वे यांचे पुत्र. त्यांनी असा विचार केला, की जनावराने खाऊन टाकलेल्या शेणापेक्षा पिठूळ आणि गोड पदार्थ ह्या सूक्ष्म जीवांना दिले, तर वायू लवकर मिळेल. खरकटे, खराब झालेले धान्य, नासकी फळे ह्यांवर चालणारे छोटे संयंत्र त्यांनी सिद्ध केले. त्याबद्दल आरतीला २००६ साली इंग्लंडमधील अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे संयंत्र ओल्या कचऱ्यासाठी तयार केले. साखर कारखान्यातील प्रेसमडपासूनही हा वायू निघतो. मोठ्या प्रमाणावर तयार केलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायू काढून टाकले, की जवळजवळ शुद्ध मिथेन उरतो. तो दाबून टाक्यांत भरला, की खाणीतील नैसर्गिक वायूप्रमाणेच मोटारीत चालतो. अशा वायूची निर्मिती वाढावी म्हणून भारत सरकारने २०१८ साली ‘सतत’ नावाची योजना सुरू केली.

आता पाण्यातल्या अग्नीकडे वळू. समुद्राच्या पोटात वडवानल नावाचा अग्नी राहतो, अशी आपल्या पूर्वजांची कल्पना होती. पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला, तर पाण्याचे दोन घटक वेगळे होतात: प्राणवायू आणि हायड्रोजन. जुन्या मराठी पुस्तकांत हायड्रोजनला ‘उज्ज’, म्हणजे पाण्यापासून जन्मलेला, असे म्हणत. हा सर्वांत हलका वायू जळतो, तेव्हा त्याचे पुन्हा पाणीच होते. धूर नाही, कार्बन डायऑक्साइड नाही. इंधनघट नावाच्या उपकरणात तो न जाळताही त्यापासून वीज मिळविता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि एका कंपनीने मिळून विकसित केलेली अशा घटावर चालणारी बस २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दाखविण्यात आली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने हरित हायड्रोजनचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले आणि महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले.

तथापि हायड्रोजन आयता मिळत नाही. तो घडवावा लागतो. जगात आज वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू किंवा कोळसा ह्यांपासून काढतात आणि त्यात पुष्कळ कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाण्यापासून काढलेला हायड्रोजनच ‘हरित’ म्हणावयाचा. एक किलो हायड्रोजनासाठी ५० युनिटांहून अधिक वीज लागते आणि त्यात साठते सुमारे ३३ युनिट ऊर्जा. मग चहा उकळण्यासाठी हायड्रोजन जाळणे म्हणजे तुपाने चूल पेटविण्यासारखेच झाले. त्याची खरी गरज निराळ्या ठिकाणी आहे. आपण कापसाला जो युरिया घालतो, तो अमोनियापासून होतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन हवाच. पोलाद तयार करण्यासाठीही तो कोळशाची जागा घेऊ शकतो.

शिवाय एक किलो हायड्रोजनासाठी कमीत कमी नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. मराठवाड्यात हा आकडा विसरता येत नाही. सोनपेठ तालुक्यातील गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून परळीच्या औष्णिक वीजकेंद्रास पाणी जाते. दुष्काळामुळे पाणी उरले नाही, म्हणून ते केंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली बंद ठेवावे लागले. गोबरगॅसचेही तसेच आहे. दुष्काळात जनावरे छावणीत गेली किंवा बाजारात विकली गेली, की टाकी रिकामी पडते. ऊर्जेचा प्रश्न आपल्याकडे अखेर पाण्याच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. जो गाव पाणी अडवील आणि चारा राखील, त्याचीच शेगडी दुष्काळातही पेटती राहील.

एक सूचना मात्र प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी. शेणाच्या बंद खड्ड्यात प्राणवायू नसतो आणि विषारी वायू साचलेले असतात. एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यातील वाकडी गावी एक मांजर अशा जुन्या खड्ड्यात पडले. त्याला वाचविण्यास एक जण उतरला, त्याला वाचविण्यास दुसरा. अशी एकामागून एक पाच माणसे प्राणास मुकली. त्यांची माया खरी होती, पण त्या मायेला ज्ञानाची जोड नव्हती. कोणी खड्ड्यात पडल्यास स्वतः उतरू नये. आरडाओरड करून मोठ्या माणसांना बोलवावे आणि अग्निशमन दलास कळवावे.

अग्नी हा जुन्या काळापासून माणसाचा सोबती आहे. तो शेणात आहे, खरकट्यात आहे आणि पाण्यातही आहे. कोणता अग्नी कोठे पेटवावा आणि त्यासाठी काय खर्ची घालावे, हे ठरविण्याचे काम उद्या तुमच्याकडे येणार आहे. त्याची तयारी आजपासूनच करता येईल. आपल्या घरी रोज किती शेण किंवा किती खरकटे निघते, ते एक आठवडा मोजून वहीत लिहा आणि त्यातून किती वायू मिळाला असता, ह्याचा विचार करा.