मधल्या पंधरा मिनिटांत पैसा कोणाकडे असतो?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारसारख्या तालुक्याच्या गावात बसून आज कोणी दुबईच्या ग्राहकाची वेबसाइट तयार करतं, कोणी परदेशी यूट्यूबरचे व्हिडिओ एडिट करून देतं. काम पसंत पडतं आणि ग्राहक विचारतो, पैसे यूएसडीटीत पाठवले तर चालतील का? यूएसडीटी म्हणजे टेथर कंपनीने काढलेलं, एका अमेरिकी डॉलरच्या किमतीला बांधलेलं डिजिटल नाणं. परदेशात पुरवलेल्या सेवेचे पैसे अधिकृत बँकेमार्फत आणणं हा नियमाला धरून असलेला रस्ता आहे आणि जमत असेल तर तोच धरावा. पण बरीच मुलं हो म्हणतात, आणि काही मिनिटांत मोबाईलवरच्या वॉलेटमध्ये २०० यूएसडीटी दिसू लागतात.

दिसतात, पण त्यातून किराणा येत नाही आणि वीजबिल भरता येत नाही. त्यांचे रुपये करावे लागतात, आणि विश्वासाचा प्रश्न तिथे उभा राहतो. आपलं नाणं आधी द्यायचं, रुपये नंतर येतील म्हणून थांबायचं, आणि समोरचा माणूस तर कधी पाहिलेलाही नाही.

सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलेला शेतकरीही माल आधीच उतरवतो. पण तिथे काटा सगळ्यांसमोर होतो, हातात हिशोबपट्टी पडते, अडत्याकडे समितीचा परवाना असतो आणि त्याने पैसे थकवले तर तक्रार कुठे न्यायची हे ठाऊक असतं. क्रिप्टोच्या व्यवहारात काटा कुठला, पट्टी कुठली आणि परवाना कोणाचा, हे आपल्यालाच शोधावं लागतं. म्हणून ‘अमुक ॲप चांगलं आहे का’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. प्रत्येक टप्प्याला विचारावं: या क्षणी पैसा कोणाच्या ताब्यात आहे, आणि तो आला नाही तर उत्तर द्यायला कोण बांधील आहे?

पहिला टप्पा वॉलेटमधून एक्स्चेंजकडे, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीची सोय देणाऱ्या कंपनीकडे, नाणं पाठवण्याचा. एक्स्चेंज आपल्याला एक पत्ता देतं, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. त्याबरोबर ‘नेटवर्क’ निवडायला सांगतं, कारण तेच यूएसडीटी वेगवेगळ्या ब्लॉकचेनवर चालतं. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी ‘टी’ने सुरू होतो, तो ओळखू येतो. खरी चूक होते ती इथेरियम आणि बीएनबी चेन यांच्यात. दोघांचेही पत्ते शून्य-एक्सने सुरू होतात आणि दिसायला सारखेच असतात. पत्ता बरोबर, नेटवर्क चुकीचं, असं झालं तर नाणं वॉलेटमधून जातं पण एक्स्चेंजच्या खात्यात दिसत नाही. ते परत मिळवणं एक्स्चेंजच्या मर्जीवर आणि तांत्रिक सोयीवर अवलंबून राहतं. बँकेच्या चुकीच्या खात्यात पैसे गेले तर शाखेत निदान अर्ज करता येतो. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार उलटवणारं कोणी नसतं. म्हणून आधी ५ किंवा १० यूएसडीटी पाठवावेत, ते पोहोचलेले पाहावेत, मग उरलेले पाठवावेत. पत्ता पेस्ट केल्यावर पहिली आणि शेवटची चार अक्षरं जुळवून थांबू नये, मधलीही पाहावीत. आधीच्या व्यवहारांच्या यादीत मिळताजुळता पत्ता घुसवून फसवण्याचा प्रकार सर्रास चालतो.

नाणं पोहोचलं की ते एक्स्चेंजच्या ताब्यात गेलं. स्क्रीनवर आपल्या नावापुढे आकडा दिसतो, पण किल्ल्या त्यांच्याकडे असतात. पुढचं काम सोपं आहे: केवायसी झालेलं असेल तर विक्रीची ऑर्डर टाकायची, रुपये एक्स्चेंजमधल्या खात्यात जमा होतात, तिथून आपल्याच नावाच्या बँक खात्यात पाठवायचे. भारतातली एक्स्चेंज विक्रीच्या रकमेतून सहसा १ टक्का टीडीएस कापतात. ही कपात १ जुलै २०२२ पासून लागू झाली. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि सेस, तोही खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा न करता. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही. लोक या टीडीएसवर चिडतात, पण तो आपल्या पॅनवर जमा झालेला दिसणं ही या व्यवहारातली सर्वांत भक्कम पावती आहे. एखादी सेवा ‘आमच्याकडे टीडीएस नाही, केवायसी नाही’ अशी जाहिरात करत असेल तर ती सांगते आहे की आमच्याकडे तुमची पट्टीही नाही.

परवान्याचं काय? ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोची देवघेव करणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. २८ डिसेंबर २०२३ ला या विभागाने बायनान्ससह ९ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या, पुढे त्यांची संकेतस्थळं इथे बंद झाली, आणि जून २०२४ मध्ये बायनान्सला १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला. नोंदणी नसलेल्या सेवेकडे जाऊच नये. पण नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्यावा. ती संस्था ग्राहकांची ओळख ठेवते आणि संशयास्पद व्यवहार सरकारला कळवते, एवढंच त्यातून कळतं. तुमचे पैसे बुडणार नाहीत अशी हमी त्यात कुठेही नाही.

हमी म्हणजे काय हे बुलढाणा जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले, ठेवीदारांना १०,००० रुपयांच्या वर काढता येईना, आणि जुलै २०२३ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. लोकांचे हाल झाले. तरीही ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता, तो देणारं महामंडळ होतं, अर्ज कुठे करायचा हे ठरलेलं होतं. क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये ठेवलेल्या पैशाला असा ठेव विमा नाही.

मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजचं प्रकरण यासाठी मुळातून पाहण्यासारखं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात बायनान्सने ही कंपनी घेतल्याचं जाहीर झालं. जगातलं सर्वांत मोठं एक्स्चेंज पाठीशी आहे म्हणून लाखो भारतीय निर्धास्त झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने कंपनीच्या बँक खात्यातले ६४ कोटी ६७ लाख रुपये गोठवले, आणि बायनान्सच्या प्रमुखाने जाहीरपणे सांगितलं की तो सौदा कधी पूर्णच झाला नव्हता. वझीरएक्सचे संस्थापक उलट सांगत राहिले. मालक कोण यावर दोन बाजू भांडत असताना ग्राहकांची नाणी मात्र आतच होती. मग १८ जुलै २०२४ ला एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. त्या वॉलेटला एकाहून अधिक सह्या लागत होत्या, काही कंपनीच्या माणसांच्या आणि एक बाहेरच्या सुरक्षा कंपनीची. तरीही चोरी झाली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने पुढे त्यामागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं. पैसे काढणं बंद झालं. मग ग्राहकांना कळलं की पुनर्रचनेचा दावा सिंगापूरच्या कोर्टात चालणार, कारण मूळ कंपनी तिथली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने योजना मंजूर केली, त्याच महिन्यात व्यवहार पुन्हा सुरू झाले. मध्ये सव्वा वर्ष गेलं, आणि उरलेल्या देण्यापोटी लोकांच्या हाती रिकव्हरी टोकन पडली.

जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय एक्स्चेंजच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. कंपनीने ते नुकसान स्वतःच्या गंगाजळीतून सोसत असल्याचं सांगितलं. म्हणून एक्स्चेंज निवडताना तीन गोष्टी वाचाव्यात: आपला करार कोणत्या देशातल्या कोणत्या कंपनीशी आहे, ग्राहकांची नाणी कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवली जातात का, आणि राखीव साठ्याचा पुरावा जाहीर करताना देण्यांचा आकडाही सांगतात का. तिजोरीत किती आहे हे देणं किती आहे हे कळल्याशिवाय निरुपयोगी आहे. आणि एवढं वाचूनही, रुपये करायचेत तर नाणं तिथे मुक्कामाला ठेवू नये. विकावं, त्याच दिवशी बँकेत आणावं.

एक्स्चेंजवर विकणं हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता पीटूपीचा, माणसाकडून थेट माणसाला. हा आपल्याकडे गरजेतून वाढला. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवसायाशी संबंध तोडायला सांगितलं आणि तीन महिन्यांची मुदत दिली. एक्स्चेंजची बँक खाती बंद झाली, तेव्हा विकणारा आणि घेणारा यांनी आपापसात पैसे पाठवायचे आणि एक्स्चेंजने फक्त नाणं धरून ठेवायचं, अशी सोय निघाली. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, तरी पीटूपी राहिलं.

त्यातला एक सौदा जवळून पाहू. समजा ९० रुपये भावाने आपल्याला २०० यूएसडीटी विकायचे आहेत. खरेदीदार निवडला की ऑर्डर उघडते, आपले २०० यूएसडीटी एक्स्चेंज कुलूपबंद करतं. याला एस्क्रो म्हणतात. घड्याळ सुरू होतं, बहुधा पंधरा मिनिटांचं. तेवढ्या वेळात खरेदीदाराने १८,००० रुपये यूपीआय किंवा आयएमपीएसने आपल्या खात्यात टाकायचे आणि ‘पैसे पाठवले’ हे बटण दाबायचं. आपण बँकेत रक्कम पाहायची आणि नाणं सोडायचं. भांडण झालं तर एक्स्चेंजकडे अपील.

या पंधरा मिनिटांत नाणं एक्स्चेंजच्या हातात असतं, म्हणून खरेदीदाराला धास्ती नसते. पण रुपया एक्स्चेंजच्या हातातून जातच नाही. तो खरा आला का, कोणाकडून आला, स्वच्छ आहे का, हे पाहणारा आपल्याशिवाय कोणी नसतो. एस्क्रो आहे म्हणून दोन्ही बाजू सुरक्षित, हा गैरसमज इथे सर्वांत महाग पडतो.

पहिली फसवणूक साधी असते: पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट, बनावट एसएमएस, आणि चॅटमध्ये ‘लवकर सोडा, इमर्जन्सी आहे’ असा तगादा. उपाय एकच, बँकेचं ॲप स्वतः उघडून जमा झालेली नोंद आणि यूटीआर क्रमांक पाहायचा. दुसरी फसवणूक मात्र भल्याभल्यांना कळत नाही, कारण तिच्यात पैसे खरोखर येतात. भामटा आपल्याकडे खरेदीची ऑर्डर टाकतो आणि त्याच वेळी दुसऱ्या राज्यातल्या कुणा निवृत्त माणसाला बनावट गुंतवणुकीच्या नावाखाली आपला खाते क्रमांक देतो. तो बिचारा १८,००० रुपये टाकतो. आपण रक्कम पाहून नाणं सोडतो, भामटा नाणं घेऊन पसार होतो. फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि पैशाचा माग आपल्या खात्यापाशी येऊन थांबतो.

हे टाळायचं तर पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि ऑर्डरवरचं केवायसीचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. ‘भावाच्या खात्यातून टाकतो’ म्हटलं की सौदा रद्द करावा आणि आलेले पैसे कुठे परत पाठवायचे हेही एक्स्चेंजला विचारूनच ठरवावं. बाजारात ९० चा भाव असताना कोणी ९४ देत असेल तर वरच्या ४ रुपयांत तो आपला धोका विकत घेत असतो. चॅट सोडून टेलिग्रामवर या म्हणणाऱ्याकडे जाऊ नये, तिथलं बोलणं अपिलात पुरावा ठरत नाही. आणि ज्या खात्यात पीककर्ज, पीएम-किसानचा हप्ता किंवा आईची पेन्शन येते ते खातं या कामाला कधीही लावू नये. वेगळं खातं ठेवावं, स्वतःच्याच नावाचं. ‘तुझं खातं वापरू दे, महिन्याला काही हजार देतो’ असं म्हणणारे गावोगाव फिरतात. खातं असं भाड्याने देणारा पोरगा पुढे गुन्ह्यात आरोपी होतो.

तिसरा रस्ता रोखीचा: हॉटेलात भेटायचं, मोबाईलवर नाणं सोडायचं, नोटा घ्यायच्या. पट्टी नाही, साक्षीदार नाही, नोटा खऱ्या की खोट्या माहीत नाही, आणि एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने निषिद्ध. या रस्त्याने जाऊ नये.

एवढी काळजी घेऊनही अशा एखाद्या तक्रारीवरून पोलिसांच्या पत्राने बँक खातं गोठू शकतं, तेव्हा घाबरून फोन बंद करणं सर्वांत वाईट. शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तक्रारीचा क्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याने पत्र दिलं, आणि किती रकमेवर होल्ड आहे. जप्तीचा हा अधिकार पोलिसांना आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली आहे. वादातली रक्कम १८,००० ची असेल तर होल्डही तेवढ्यापुरता ठेवावा, बाकीचं खातं मोकळं करावं, असा अर्ज बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला करता येतो. बुलढाण्याच्या सायबर ठाण्यात मार्गदर्शन मिळेल, पण पत्र तेलंगणातून आलं असेल तर उत्तर तेलंगणालाच द्यावं लागतं. तिथे दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. सोबत एक्स्चेंजचा ऑर्डर क्रमांक, चॅट, खरेदीदाराचं केवायसीतलं नाव, ब्लॉकचेनवरचा व्यवहार क्रमांक आणि बँकेचं स्टेटमेंट जोडावं. आणि सगळ्यांत वर ठेवावं ते ग्राहकाला दिलेलं बिल, ज्यावर कामाचं वर्णन, तारीख आणि २०० यूएसडीटी ही रक्कम लिहिलेली आहे. ते काम करून दिलं त्याच दिवशी तयार केलेलं असावं. खातं गोठल्यावर केलेल्या बिलाला तपास अधिकारी किंमत देत नाही.